हाकेचं अंतर

ठक. ठक. ठक.

एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे ताट, आणि तीन म्हणजे जिथं असशील तिथून समोर ये. तिसरा ठोका विरायच्या आत अक्षता पिठाच्या हातांनी बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिली. "आलो, आलो," म्हणत. इचलकरंजीकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना आलो, जातो, बसतो असंच म्हणतात. पुण्याच्या लोकांना ते ऐकून हसू येतं.

तिचा नवरा अभिजित खुर्चीत बसला होता. त्याच्या हातात धोटा होता, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. हातभर लांब, शिसवी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. शहरातले जुने माग केव्हाच भंगारात गेले आणि नव्या मागांना धोटा लागतच नाही. पण अभिजितनं वडिलांच्या कारखान्यातला एक जपून ठेवला होता. मागांच्या खडखडाटात हाक ऐकू जात नसे, म्हणून त्याचे वडील लोखंडी खांबावर धोटा आपटून कामगारांना बोलावत. बापाचा शिरस्ता लेकानं घरात आणला होता.

"आमटीत मीठ कुणी टाकायचं? तुझ्या आईनं?"

"कमी झालं काय? थांबा, लगेच आणतो—"

धोटा तिच्या पाठीत बसला. खांद्याच्या खाली, कुर्त्यात झाकलं जाईल अशा जागी. दुसरा तडाखा मांडीवर. ती गुडघ्यांवर आली आणि श्वास छातीतच अडकला.

मनगटावरचा पट्टा थरथरला. त्यातून एका बाईचा गोड आवाज आला, "तुम्ही पडलात का? मदत हवी असल्यास तसंच पडून राहा."

तसंच पडून राहिलं तर मदतीचा पहिला निरोप जवळच्या नातेवाइकाला जात असे. जवळचा नातेवाईक धोटा घेऊन समोरच उभा होता. अक्षता उठली.

"छान सावरलात! आजचं दिनमान एक्क्याण्णव."

अभिजितला हसू फुटलं. "ऐकलंस? मशीनसुद्धा छान म्हणतंय. जा, मीठ आण."

*

पूर्वी लोक 'सध्या दिनमान बरं नाही' असं म्हणत, ते ग्रहांबद्दल. आता दिनमान हा शून्य ते शंभरमधला एक आकडा झाला होता, आणि ज्याला एकदा सायकोसिस होऊन गेला त्याच्या मनगटावर तो दिसत असे.

हा आजार काय आहे हे अक्षतानं स्वतःला झाल्यावर नीट वाचून काढलं होतं. कॉलेजात तिचा विषय संख्याशास्त्र. अर्धवट कळलेलं तिला पहिल्यापासून सहन होत नसे. मेंदू सतत ठरवत असतो की आसपासच्या हजार गोष्टींतली कुठली महत्त्वाची. त्या कामात डोपामाइन नावाच्या रसायनाचा मोठा वाटा. त्याचं गणित बिघडलं की कशालाही अर्थ चिकटू लागतो. दाराची कडी, शेजाऱ्याचा खोकला, मागाची खडखड, सगळं आपल्याचबद्दल बोलतंय असं वाटतं. औषधांनी हे बहुधा थांबतं. पण त्यानंतर उठणं, अंघोळ, काम, मित्र, बाजार हे पुन्हा जमणं ही वेगळीच चढण. कोण किती चढला ते पूर्वी डॉक्टर महिन्यातून एकदा विचारायचे. आता पट्टा रोज मोजत होता.

या चढणीवर पुरुष आणि बायका सारखे चालत नाहीत. मुलग्यांना आजार बहुधा लवकर गाठतो, मुलींना काही वर्षं उशिरा. इस्ट्रोजेन हे संप्रेरक बायकांना थोडं राखत असावं असा एक अंदाज आहे. सरासरी पाहिली तर बायका घरात, नात्यांत लवकर रुळतात आणि पुरुष जास्त मिटून जातात. अक्षताच्या घरी तर या सरासरीचं चित्रच टांगलेलं होतं. तिचा जुळा भाऊ समर्थ विसाव्या वर्षी आजारी पडला. ती पंचविसाव्या. समर्थ सात वर्षं आईच्या घरी कॉटवर होता, दिनमान चौतीस, आणि लाल आकडा असल्यामुळे दर आठवड्याला समुपदेशक त्याच्या दारात. अक्षता हिरवी. हिरव्याच्या दारात कोणी येत नसे.

पट्टा बनवणाऱ्यांनी दोघांसाठी दोन मापं ठेवली होती. हेतू चांगला होता. नोकरी न करणाऱ्या बाईला उगाच आजारी ठरवलं जाऊ नये म्हणून बायकांच्या मापात घरकाम धरलं होतं आणि पुरुषांच्या मापात नोकरी, दोस्त, बाहेर पडणं. दोन्हींत एक गोष्ट सारखी होती: हाक-अंतर. कोणी बोलावल्यावर माणूस हलेपर्यंत जो वेळ जातो, तो. आजारात तो लांबतो. कुठल्या आवाजाला हा माणूस हाक समजतो हे यंत्र आपणहून शिकत असे. अक्षताच्या पट्ट्यानं ठोके शिकले होते.

पहिल्या आठवड्यात एक गंमत झाली होती. पुण्याची बोली शिकलेल्या त्या यंत्रानं अक्षताचं 'आलो, जातो' ऐकून तिची नोंद पुरुष म्हणून केली आणि दिनमान दाखवलं शेहेचाळीस. समुपदेशकाचा फोनही आला. मग दवाखान्यातल्या एका तंत्रज्ञानं नोंद दुरुस्त करून 'स्त्री' केलं आणि तिनं बोटसुद्धा हलवलं नसताना आकडा ऐंशीच्या पुढं गेला. दवाखान्यात सगळे हसले. अक्षताही हसली होती.

आणखी एक गोष्ट तिच्या फाइलमध्ये होती, ती हसण्यासारखी नव्हती. जुन्या मागावरून धोटा कधीकधी उडतो. त्यानं डोळे गेलेली माणसं या शहरात सगळ्यांनी पाहिली आहेत. आजाराच्या भरात अक्षताला वाटे की तसा एक धोटा तिच्या मागं लागलाय. रात्रंदिवस ती ओरडे, "माग थांबवा, धोटा मला मारतोय!" डॉक्टरांनी ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं होतं. भ्रम: धोटा मारतो.

अभिजितकडे कमरेचे पट्टे होते, काठ्या होत्या. त्यानं धोटा निवडला.

*

"बायका लवकर सावरतात हे तू सिद्ध केलंस बघ," डॉ. रेणुका पट्टणशेट्टी पडद्यावरचा आलेख दाखवत म्हणाल्या. त्या चांगल्या बाई होत्या, आणि दमलेल्या. बाहेर रांग होती. "पुढच्या महिन्यात फाइल बंद. पट्टा काढायचा." त्या अभिजितकडे वळल्या. "काय हावळ, खूश?"

"मॅडम, गल्लीत सगळ्यांना सांगतो मी," अभिजित म्हणाला. "बायको शंभर टक्के शुद्धीत आहे, मनगट बघा म्हणतो."

अक्षता आलेख वाचत होती. "मॅडम, निरोगी बाईचं हाक-अंतर किती असतं?"

"दीड-दोन सेकंद."

"माझं अर्धा सेकंद आहे."

"मग चांगलंच आहे की!"

"निरोगी माणसापेक्षा मी निरोगी कशी?"

डॉक्टर हसल्या. "हुशार आहेस. आकडा वाईट आला की रडता, चांगला आला की भांडता."

फाइल बंद झाली की हा दरवाजाही बंद होणार होता. अक्षतानं अभिजितकडे न पाहता भराभर सांगून टाकलं, "हे मला धोट्यानं मारतात."

अभिजितनं मान खाली घातली, दुःखी माणसासारखी. डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. अक्षताला त्या मऊपणाचीच भीती होती.

"धोटा परत दिसायला लागलाय का, बाळा? झोप येते ना? आपण गोळी थोडी वाढवू या का?"

गोळी वाढली की हात जड होतात. हात जड झाले की तिसरा ठोका निसटतो.

"नाही," अक्षता म्हणाली. "असंच म्हटलं."

त्या संध्याकाळी दार लागल्यावर अभिजितनं तिच्या तोंडात टॉवेल कोंबला आणि तो दमेपर्यंत मारत राहिला. पट्ट्यानं तिला दोनदा विचारलं, पडलात का?

माहेर दोन गल्ल्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. तिनं आईला सांगून पाहिलं होतं. आई म्हणाली होती, "अगं, तवाबी तू असंच म्हणायचीस. आता बरी झालीयास तर कशाला ते काढायचं?"

*

आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला जावं लागलं आणि समर्थ बहिणीकडे राहायला आला. त्याला एकटं ठेवता येत नव्हतं. अभिजितनंच सासूला फोनवर सांगितलं, "पाठवा की आई, घरचाच आहे." फोन ठेवून तो अक्षताला म्हणाला, "घराण्यातच आहे तुमच्या. एक वेडं बरं केलं, आता दुसरं."

समर्थ दाराजवळच्या खुर्चीत बसला. तो जाड झाला होता, औषधांनी. चेहऱ्यावर काही उमटत नसे. पण अक्षतानं त्याच्या पुढ्यात भडंगाची वाटी ठेवली, तेव्हा बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "कांदा नाही?"

"दादा, तू माझ्यापेक्षा पाच मिनिटांनी मोठा आहेस म्हणून एवढा माज?" ती म्हणाली, आणि कांदा चिरून आणला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी थट्टा केली होती.

दुपारी अभिजितनं एक ठोका मारला. अक्षता उठली तसं त्यानं तिला डोळ्यांनी बसवलं. "ए समर्थ. पाणी."

समर्थ खिडकीकडे बघत राहिला. पुन्हा ठोका. मग अभिजित उठला आणि त्यानं धोटा समर्थच्या खांद्यावर आडवा हाणला. खुर्चीसकट समर्थ हलला. चेहरा तसाच. कितीतरी वेळ गेला. मग तो खांद्याकडे बघून म्हणाला, "लागलं."

अभिजितला हसू आवरेना. "ट्यूबलाइट आहे रे हा!"

"त्याला नको," अक्षता म्हणाली. "मला मारा. त्याला काही कळत नाही."

"कळेल की."

त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी जेवताना, अंघोळीला जाताना, झोपेतून उठवून अभिजित ठोके मारत होता आणि उशीर झाला की धोटा पाठीत. तिसऱ्या दिवशी सकाळी एक ठोका पडला आणि सात वर्षं कॉटवर पडून असलेला समर्थ उडी मारल्यासारखा उठला. तांब्या घेऊन आला. पाणी हिंदकळत होतं.

त्याचा पट्टा उजळला. "वा, समर्थ! हाक-अंतर अर्ध्यावर आलं. आजचं दिनमान बासष्ट!"

"बघितलंस?" अभिजित टाळी वाजवून म्हणाला. "सात वर्षं सरकारनं पोसलं. मी तीन दिवसांत माणूस केला. दवाखाना उघडतो आता!"

अक्षता स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून दारातून भावाकडे बघत होती. समर्थचे डोळे धोट्यावर खिळले होते. धोटा डावीकडे गेला की डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. त्याची पॅन्ट ओली झाली होती. तिला आलेखावरची आपली अर्ध्या सेकंदाची रेघ आठवली. ती रेघ कशी दिसते हे तिनं कधी बाहेरून पाहिलं नव्हतं. ती अशी दिसत होती.

"दादा," ती म्हणाली, "चप्पल घाल. घरी जायचं."

ठक. ठक. ठक.

तिचे पाय निघालेच होते. तिनं ओट्याची कडा दोन्ही हातांनी धरली आणि पाय जागच्या जागी ठेवले. असं उभं राहणं हे तिनं आजवर केलेलं सगळ्यात अवघड काम होतं. पट्टा कुजबुजला, "हाक-अंतर वाढलं आहे. बरं वाटतंय ना?"

"ऐकू येत नाही काय?" अभिजितनं पुन्हा तीन ठोके मारले. ती हलली नाही. समर्थ मात्र आला. ठोके त्याच्यासाठी नव्हते, पण तो भीतीनं चालत अभिजितच्या समोर जाऊन उभा राहिला.

अभिजितनं त्याचं मनगट पकडलं, पंजा दाराच्या चौकटीवर उघडा दाबला आणि अक्षताकडे बघत म्हणाला, "तुझ्या उशिराचं याला भरू दे." लोखंडी टोपी समर्थच्या बोटांवर आली. वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. मग पुन्हा एकदा.

"लागलं," समर्थ म्हणाला. या वेळी लगेच. "लागलं, लागलं, लागलं—"

अक्षता ओट्यापासून सुटली. तिनं धोटा दोन्ही हातांनी हिसकला. तो रक्तानं निसरडा होता, म्हणून सुटून आला. पहिला घाव तिनं अभिजितच्या गुडघ्यावर घातला. तो वाकला, तेव्हा दुसरा जबड्यावर. एक दात फरशीवर टकटकत गेला. त्यानं तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, कपाळातून रक्त डोळ्यात उतरलं, आणि त्या लाल अंधारातच तिनं तिसरा घाव पुन्हा त्याच गुडघ्यावर घातला. गुडघ्याची वाटी फुटली. तो कोसळला आणि किंचाळू लागला.

धोटा चौथ्यांदा वर गेला होता. खाली पडलेला माणूस आता उठू शकणार नाही हे तिनं पाहिलं आणि धोटा खाली ठेवला.

"छान!" पट्टा म्हणाला. "आज तुम्ही भरपूर हालचाल केलीत."

*

अपघात विभागात अभिजित स्ट्रेचरवरून ओरडत होता. तोंड सुजल्यामुळे शब्द चिकटत होते. "वेडी आहे ती! धोटा, धोटा करत अंगावर आली! भावाची बोटं पण तिनंच फोडली. फाइल बघा तिची!"

डॉ. पट्टणशेट्टी धावत आल्या होत्या. त्यांच्या हातात फाइल होती आणि फाइलमध्ये ते वाक्य होतं. दाराशी पोलीस ठाण्यातून आलेली एक तरुण फौजदार बाई उभी होती. तिनं हलक्या आवाजात डॉक्टरांना विचारलं, "आजार उलटला असेल तर वॉर्डात घेता ना? मग गुन्ह्याचा प्रश्न नाही. पालक म्हणून नवऱ्याची सही लागेल."

अक्षताच्या कपाळाला टाके पडत होते. सुई टोचत असताना ती म्हणाली, "आजार उलटला नाही. मी शुद्धीत होतो. मीच मारलं."

"अक्षता, नीट ऐक," डॉक्टर म्हणाल्या. "शुद्धीत होतीस म्हणालीस तर केस होईल. माणूस लंगडा होणार आहे."

"होऊ दे केस. यांनीच गल्लीभर सांगितलंय, बायको शुद्धीत आहे, मनगट बघा. बघा." तिनं मनगट पुढं केलं. एक्क्याण्णव. "हे खरं असेल तर मी सांगतो ते पण खरं धरा. आणि हे खोटं असेल तर एवढे महिने तुम्ही काय मोजत होता ते सांगा."

डॉक्टरांनी पडदा ओढला आणि कुर्ता वर करायला सांगितलं. पाठीवर हातभर लांबीचे वळ एकावर एक होते, पिवळे, हिरवे, काळे. प्रत्येकाच्या टोकाला एक गोल ठसा. डॉक्टरांनी पुराव्यासाठी आणलेला धोटा उचलला आणि त्याची लोखंडी टोपी एका ठशाशेजारी धरली. भ्रमाला लोखंडी टोपी नसते.

"मॅडम," पाठमोरीच अक्षता म्हणाली, "तेव्हा चुकून केलं होतं तसं मला पुरुष करा. एकदाच."

डॉक्टरांनी टॅबवर नोंद बदलली. एक्क्याण्णवचे झाले एकोणतीस. खाली कारणं आली: घराबाहेर पडणे नाही. मित्र नाही. फोन नाही. स्वतःच्या इच्छेनं केलेली कृती नाही. तातडीनं गृहभेट आवश्यक.

डॉ. पट्टणशेट्टींनी नोंद पुन्हा 'स्त्री' केली आणि त्या स्टुलावर बसल्या. "पुरुष असतीस," त्या म्हणाल्या, "तर आमचा माणूस केव्हाच तुझ्या दारात आला असता."

पलीकडच्या खाटेवर समर्थच्या हाताला प्लास्टर चढत होतं. एका शिपायानं दार आपटलं. समर्थ ताडकन उठून उभा राहिला. त्याच्या मागोमाग अक्षताही. दोघांचे पट्टे एकदमच म्हणाले, "छान!"

डॉक्टरांनी आधी त्याचा पट्टा काढला. मग तिच्या मनगटाला हात घातला.

"माझा राहू दे," अक्षता म्हणाली. "मला बघायचंय, आकडा आता कुठं जातो ते."

*

आईच्या घरी ऊन खिडकीतून कॉटवर आलं होतं. दोन खटले उभे राहिले होते, एक अभिजितवर, एक तिच्यावर, आणि दुसऱ्यात काय होईल हे वकील सांगत नव्हता. समर्थची दोन बोटं कायमची वाकडी राहणार होती. ते आठवलं की तिला ओट्याची कडा आठवे, आणि आपण तिथं किती वेळ उभे होतो ते. तो मात्र पुन्हा खिडकीकडे बघत बसू लागला होता. दार वाजलं तरी आता वळायला त्याला वेळ लागे.

अक्षताचं दिनमान रोज उतरत होतं. ऐंशी, एकसष्ट, मग लाल. समुपदेशक दुपारी येणार होती. येऊन विचारणार होती, आकडा का पडला? अक्षतानं उत्तर ठरवलं नव्हतं.

"अक्षताऽ," आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली. "ऊठ गं, चहा झालाय."

तिच्या पोटऱ्या ताठरल्या. तिनं वाट पाहिली. काहीच आपटलं नाही. कुकरची शिट्टी झाली, गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. पोटऱ्या सैल पडल्या.

"अगं, ऐकू आलं काय?" आईच्या आवाजात काळजी होती, आणि थोडी लाजही; अक्षताच्या पाठीवरचे वळ पाहिल्यापासून ती असंच बोलत असे. "निवतोय बघ!"

"हाक-अंतर वाढलं आहे," पट्टा म्हणाला.

अक्षतानं चादर गळ्यापर्यंत ओढली आणि कूस बदलली.

"आलो," ती म्हणाली. आणि उठली नाही.